एआयचा टक्का बाजूला ठेवा आणि मुलांना व्हायवाला बसवा

प्रश्न नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवणाऱ्या तरुण सहाय्यक प्राध्यापिकेचा आहे. विभागासाठी एआयच्या वापराचं धोरण लिहायचं काम त्यांच्याकडे आलं आहे. टीवायची, म्हणजे तृतीय वर्षाची ब्लॅक बुकं (प्रोजेक्टचे बांधलेले अहवाल) सॉफ्टवेअरमधून काढली तेव्हा चार मुलांच्या कामावर '८० टक्क्यांहून अधिक एआय' असा अहवाल आला. काही सहकारी म्हणतात, चौघांनाही शून्य द्या. काही म्हणतात, आता सगळं मोकळं सोडा, अडवून उपयोग नाही. शिवाय पीएच.डी.च्या मुलांनी संशोधन-साहित्याचा आढावा एआयकडून करून घेतला तर चालेल का, असंही त्यांनी विचारलं आहे. मी ठाण्यात बरीच वर्षं रसायनशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र शिकवतो, अभ्यासमंडळावर काम केलं आहे आणि पीएच.डी.चा मार्गदर्शकही आहे. त्या अनुभवातून उत्तर देतो.

मॅडम, सगळ्यात आधी त्या चार मुलांचं बघू, कारण धोरण महिनाभर थांबलं तरी चालेल, त्यांचा निकाल थांबणार नाही. त्या टक्क्याच्या जोरावर त्यांना शून्य देऊ नका. वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर जेव्हा साम्य दाखवतं, तेव्हा ते मूळ लेख समोर ठेवतं. हा परिच्छेद इथून उचलला, हे तुम्ही मुलाला दाखवू शकता आणि मूलही त्यावर बोलू शकतं. एआयच्या टक्क्यामागे असं काहीच नसतं. तो एक अंदाज असतो. ज्या आरोपाला पुरावा दाखवता येत नाही आणि ज्याचा बचावही करता येत नाही, त्यावर एखाद्या मुलाचं वर्ष घालवणं मला कधीच पटलं नाही.

हा अंदाज किती कच्चा आहे, ते आकड्यांनी दाखवतो. मीटिंगमध्ये हेच गणित फळ्यावर मांडा. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आलं. ते बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३मध्ये एआयचा मजकूर ओळखणारं साधन आणलं. कंपनीने स्वतःच सांगितलं होतं की एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच हे साधन पकडतं, आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारतं. आता १२० मुलांचा वर्ग धरा. समजा, १०० जणांनी स्वतः लिहिलं आणि २० जणांनी एआयकडून लिहून घेतलं. साधन त्या २० पैकी साधारण पाच जणांना पकडेल, आणि स्वतः लिहिणाऱ्यांपैकी नऊ जणांना दोषी ठरवेल. म्हणजे समितीपुढे उभ्या राहिलेल्या १४ मुलांपैकी नऊ जण निर्दोष असतील आणि खरे पंधरा जण घरी निवांत बसलेले असतील. जुलै २०२३मध्ये कंपनीने अचूकता कमी असल्याचं कारण देऊन हे साधन बंद केलं.

आजची साधनं त्यापेक्षा चांगली असल्याचा दावा आहे. वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टर्निटिन कंपनीने एआय ओळखण्यातली आपली चूक १ टक्क्याहून कमी असल्याचं सांगितलं. तरीही अमेरिकेतल्या व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३मध्ये ती सोय बंद केली. त्यांचा हिशेब सरळ होता. २०२२मध्ये त्यांच्याकडे ७५,००० निबंध तपासायला गेले होते. त्यातल्या १ टक्क्यावर चुकीचा आरोप म्हणजे साडेसातशे निबंध.

आपल्याकडे तर याहून गंभीर अडचण आहे, आणि तिच्याबद्दल स्टाफरूममध्ये फारसं कुणी बोलत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी त्यात घातले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर 'एआयने लिहिलेले' असा शिक्का बसला, आणि लिहिले होते ते सगळे माणसांनीच. कारण समजायला सोपं आहे. पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, याकडे ही साधनं बघतात. परकी भाषा शिकलेला माणूस मोजके शब्द आणि ओळखीच्या वाक्यरचना वापरतो, त्यामुळे त्याचं लिखाण यंत्राला 'अपेक्षित' वाटतं. आता शहापूर-मुरबाडहून लोकलने येणारा, बारावीपर्यंत मराठीत शिकलेला आणि पाठ केलेल्या साच्यात जपून इंग्रजी लिहिणारा आपला विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. ज्याने सर्वांत जास्त मेहनत घेऊन चार पानं लिहिली असतील, त्याच्याच कामावर लाल रंग उमटायची शक्यता जास्त. तुमच्या त्या चौघांमध्ये मराठी माध्यमाची मुलं किती आहेत, हे जरूर बघा.

नियमांचं बोलायचं तर यूजीसीची २०१८ची वाङ्मयचौर्य-प्रतिबंधक नियमावली साम्याबद्दल आहे. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६०च्या वर असे पुढचे टप्पे आहेत. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसाधारण साम्य मोजायचंच नाही, असंही त्यात म्हटलं आहे. ही नियमावली चॅटजीपीटीच्या चार वर्षं आधीची आहे. 'एआयचा टक्का' तिच्यात कुठेही नाही. तेव्हा सहकारी जेव्हा '१० टक्क्यांची मर्यादा ओलांडली' म्हणतात, तेव्हा ते दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करत असतात. त्यांना नियमावलीची प्रत दाखवा. विभागस्तरावर शैक्षणिक सचोटी समिती असावी, असं तीच सांगते. प्रकरण पुढे न्यायचंच असेल तर त्या समितीमार्फत, मुलाला बोलायची पुरेशी संधी देऊन न्या.

मग करायचं काय? त्या चौघांना एकेक करून बोलवा. त्यांची फील्डची वही, कच्ची रीडिंग्ज, मोबाइलवरचे फोटो आणि फाइलचे आधीचे मसुदे घेऊन यायला सांगा, आणि पंधरा मिनिटं त्यांच्याशी त्यांच्याच कामावर बोला. दरडावू नका. ज्याने काम केलं आहे त्याला आपल्या कामाबद्दल बोलायला आवडतं. दोन प्रश्नांत तो खुलतो.

प्रश्न कसे असावेत? माझ्या विषयातलं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. ठाणे खाडीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रोजेक्ट. विंकलर पद्धत कुठल्याही पुस्तकात मिळते आणि एआय ती अगदी सफाईने लिहून देतं: मँगेनस सल्फेट, अल्कलाइन आयोडाइड, मग सल्फ्युरिक आम्ल, शेवटी टायट्रेशन, म्हणजे मोकळं झालेलं आयोडीन थायोसल्फेटने थेंबथेंब मोजणं. ती पायरीपायरीने विचारण्यात अर्थ नाही. मी विचारतो, "नमुना घेताना बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तर तुझं रीडिंग कुठे सरकेल?" खाडीच्या पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी असतो, बुडबुड्यातला त्यात उतरतो आणि आकडा खोटा वाढतो. ज्याने चिखलात उभं राहून बाटली पाण्याखालीच बंद केली आहे, तो हे हाताच्या खुणांनी दाखवतो. मग विचारतो, "स्टार्च सुरुवातीलाच का नाही घातलंस?" आयोडीन भरपूर असताना स्टार्च घातलं तर ते आयोडीन धरून ठेवतं आणि शेवटचा बिंदू ओळखता येत नाही. म्हणून पिवळा रंग फिकट, गवती झाला की मगच स्टार्च. "अझाइड कशासाठी वापरलंस?" सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात नायट्राइट असतं, ते आयोडीन मोकळं करून गोंधळ घालतं, म्हणून. आणि शेवटी, "नमुना घेतला तेव्हा भरती होती की ओहोटी?" खाडीवर गेलेल्या मुलाला हे आठवतं, कारण ओहोटीला पाण्यापर्यंत पोचायलाच त्रास झालेला असतो. या चार प्रश्नांनंतर मला कुठल्याही टक्क्याची गरज उरत नाही. मुलाने इंग्रजी सुधारायला एआय वापरलं असेल तर वापरू दे. काम त्याचं आहे. आणि ज्याला एकही उत्तर येत नाही, त्याचे गुण त्याच कारणाने कमी करा आणि तसं लेखी नोंदवा. त्याने मजकूर यंत्राकडून घेतला, मित्राकडून घेतला की विकत घेतला, हे सिद्ध करत बसायची गरज पडत नाही.

विकत घेतला म्हणतो ते उगाच नाही. जुनी ब्लॅक बुकं नाव आणि वर्ष बदलून बांधून मिळणं आपल्या भागात एआयच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. परीक्षक पानं उलटून सही करायचा. घाईत आणि गर्दीत हे आपण सगळ्यांनीच चालू दिलं. एआयमुळे एवढंच झालं की तेच काम आता फुकट आणि एका रात्रीत होतं. तेव्हा धोरणाचा खरा भर पकडापकडीवर नको. आपण काय विचारतो आणि कशाला गुण देतो, हे बदलण्यावर हवा.

विषयच असे द्या की घरबसल्या लिहून होणार नाहीत. 'ठाणे खाडीचे प्रदूषण' हा विषय दिलात तर तुम्हाला साठ सारखी ब्लॅक बुकं मिळतील. त्याऐवजी ऐरोलीच्या बाजूला आणि कोपरीच्या बाजूला, एकाच दिवशी, भरती-ओहोटीच्या वेळा नोंदवून घेतलेली क्षारता आणि ऑक्सिजन मागा. वहीत तारीख, वेळ, हवामान आणि फसलेली रीडिंग्जसुद्धा हवीत. फसलेल्या रीडिंगची कारणं शोधणाऱ्याला जास्त गुण द्या. नवी मुंबई आणि ठाणे इथे शिकवणाऱ्याला तर खाडी, कांदळवन, टीटीसीचा औद्योगिक पट्टा, येऊरचं जंगल हे सगळं दारात आहे.

एआयचं उत्तर मुलांकडून तपासून घेणं, हाही मला फार उपयोगी वाटलेला प्रकार आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचं क्षेत्रफळ एआयला विचारायला सांगा. अभयारण्य २०१५मध्ये घोषित झालं, त्याचं क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून २०२२मध्ये जे जाहीर झालं, ते मात्र सुमारे ६,५०० हेक्टरचं, कारण त्यात अभयारण्याभोवतालचा संवेदनशील पट्टाही धरला आहे. दोन्ही आकडे खरे आहेत आणि इंटरनेटवर दोन्ही एकमेकांच्या जागी पडलेले दिसतात. यंत्र त्यातला कुठलाही एक ठामपणे सांगू शकतं. मुलांनी मूळ अधिसूचना आणि रामसरची नोंद शोधून फरक समजावून सांगायचा. एका तासात मुलं संदर्भ तपासायला शिकतात, आणि यंत्राचा ठाम सूर म्हणजे खात्री नव्हे, हेही त्यांना आपोआप कळतं.

तोंडी परीक्षेला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न सहकारी विचारतीलच आणि तो रास्त आहे. सत्तर मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं म्हणजे जवळजवळ बारा तास. दोन शिक्षकांत वाटले तर तीन-चार दुपारी लागतील. व्हायवा आपल्या प्रॅक्टिकल परीक्षेत आहेच. मात्र बऱ्याच ठिकाणी ती नाव विचारून दोन मिनिटांत संपते. सेमिस्टरच्या मध्यावर पाच मिनिटं आणि शेवटी दहा मिनिटं, अशी विभागणी केली तर मधल्या टप्प्यावरच कळतं की कोण अडलं आहे. त्या पाच मिनिटांचा उपयोग मुलांना शेवटच्या दहापेक्षा जास्त होतो. ज्या विभागांत निम्म्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक तीन महाविद्यालयांत धावत आहेत, तिथे हे कठीण आहे, हे मी जाणतो. तिथे लेखी सबमिशनची संख्या कमी करा आणि वाचलेला वेळ बोलण्याला द्या. चार असाइनमेंटच्या जागी एक चालेल.

आता दुसऱ्या गटाचं, 'मोकळं सोडा' म्हणणाऱ्यांचं. त्यांच्याशीही मी सहमत नाही, आणि त्याला ठोस आधार आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. काहींना सराव करताना साधं एआय दिलं. सरावात त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण एआयशिवाय परीक्षा घेतल्यावर ती न वापरणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. ज्यांना थेट उत्तर न देता शिक्षकासारखं फक्त सुचवणारं एआय दिलं होतं, त्यांचं सरावातलं काम त्याहूनही सुधारलं आणि परीक्षेत ते नुकसान जवळजवळ दिसलं नाही. उत्तर आयतं मिळालं की शिकायची झटापट होत नाही, हे आपण वर्गात रोज बघतो. म्हणून प्रथम वर्षाचं मूलभूत लेखन आणि गणितं वर्गात, समोर, कागदावर करून घ्या. टायट्रेशनचा हिशेब ज्याने पन्नास वेळा हाताने केलेला नाही, त्याला यंत्राची दशांशचिन्हाची चूक दिसणार नाही.

पण त्याच यंत्राने माझ्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी जे केलं आहे, ते मी विसरू शकत नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकातला उतारा रात्री अकरा वाजता कुणी मराठीत, न रागावता, पाचव्यांदा समजावून सांगेल, अशी सोय या मुलांना कधीच नव्हती. क्लासची फी भरणाऱ्यांना होती. वर्गात हात वर करायला लाजणारी मुलगी मोबाइलला हवा तितका 'साधा' प्रश्न विचारते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा मला विचारलेला प्रश्न पुढचा असतो. यासाठी एआय वापरा, असं मी मुलांना उघड सांगतो. पद्धतही सांगतो: उत्तर मागू नका, तुमचं उत्तर द्या आणि चूक विचारा, व्हायवाचे प्रश्न विचारायला लावा, मराठीतल्या स्पष्टीकरणातली संज्ञा पुस्तकाशी ताडून बघा, कारण मराठी मजकुरावर या यंत्रांचं शिक्षण इंग्रजीच्या मानाने फार कमी झालेलं आहे आणि संज्ञा चुकतात. बंदी घातली तर मोबाइल असलेली सगळीच मुलं चोरून वापरतील. नीट वापरायला मात्र ज्यांच्या घरी कुणी शिकवणारं आहे, तेवढीच शिकतील.

धोरणात मग एवढं पुरे: प्रत्येक असाइनमेंटच्या कागदावरच शिक्षकाने लिहावं की इथे एआय अजिबात नको, की समजून घ्यायला आणि भाषा सुधारायला चालेल, की पूर्ण वापरा पण काय विचारलं आणि काय बदललं ते जोडा. मुलाने शेवटी दोन ओळींत वापर नोंदवावा. नोंदवल्याबद्दल गुण कधीही कापू नयेत, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीच खरं लिहिणार नाही. पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीवाचून होणार नाही, असं काम देऊ नये. आणि हाच नियम आपल्यालाही लागू हवा. प्रश्नपत्रिका काढायला, नोट्स करायला शिक्षक एआय वापरतात. वापरलं तर सांगावं. मुलांच्या उत्तरपत्रिका, नाव-नंबरासकट प्रोजेक्ट, शिफारसपत्रासाठी त्यांची माहिती बाहेरच्या यंत्रात घालू नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आहे, पण तो नसता तरी मुलांनी विश्वासाने दिलेली माहिती आपण जपायलाच हवी.

आता पीएच.डी. इथे मी जास्त कडक आहे. आढावा म्हणजे मागच्यांनी काय केलं याची यादी नव्हे. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाची पद्धत कच्ची आहे, आपल्याला शिरायला जागा कुठे आहे, हे त्या वाचनातून विद्यार्थ्याच्या डोक्यात तयार होतं. ते काम यंत्राला दिलं तर प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहून होईल, पण संशोधक तयार होणार नाही. लेख शोधायला, पन्नासातले आधी कुठले दहा वाचायचे हे ठरवायला एआय जरूर घ्यावं. उद्धृत करायचा प्रत्येक लेख मात्र स्वतः उघडून वाचलेला हवा.

ही सक्ती कशासाठी, ते विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या २०२३च्या खटल्यावरून सांगा. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे न्यायालयात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. ही यंत्रं संदर्भ कुठून तरी काढून देतातच असं नाही, संदर्भासारखी दिसणारी अक्षरं जुळवतात. खऱ्या लेखकाचं नाव, खऱ्या नियतकालिकाचं नाव, शोभेलसं शीर्षक आणि नसलेला लेख, असं ते मिश्रण असतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, उघडून दाखवायला सांगतो. चित्रांचंही तेच. २०२४च्या फेब्रुवारीत एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एआयने काढलेली उंदराची अशक्य शरीररचना समीक्षणाच्या टप्प्यातून पार होऊन छापून आली आणि काही दिवसांत लेख मागे घ्यावा लागला.

लेखक म्हणून एआयचं नाव घालू नये, ही भूमिका प्रकाशन-नीतीची समिती असलेल्या कोपने फेब्रुवारी २०२३मध्येच घेतली. कारण सरळ आहे: यंत्र मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. एआयचा वापर केला असेल तर तो लेखाच्या 'पद्धती' या विभागात नोंदवायचा. समीक्षणासाठी आलेलं अप्रकाशित हस्तलिखित एआयमध्ये घालणं तर साफ गैर; अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३च्या जूनमध्ये अनुदानासाठी आलेल्या प्रस्तावांबाबत आपल्या समीक्षकांना हेच करायला मनाई केली. मुलाखती आणि सर्वेक्षणातला कच्चा डेटाही बाहेर जाऊ देऊ नका. कोपरीच्या कोळीवाड्यातल्या कुणी मासळी घटल्याचं आणि कुणामुळे घटल्याचं विद्यार्थ्याला विश्वासाने सांगितलं असेल, तर ते परक्या सर्व्हरवर जाणं हा त्या माणसाशी दगा आहे.

आणि तरीही विद्यार्थ्यांना एआयची भीती घालू नका. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर यांच्याबरोबर डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं. हसाबिस आणि जंपर यांच्या अल्फाफोल्ड या एआयने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज मोफत खुले केले. महागडी उपकरणं नसलेल्या आपल्यासारख्या प्रयोगशाळांना ही मोठी देणगी आहे. तिथेही प्रत्येक रचनेसोबत तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, याचा अंक दिलेला असतो, आणि तो वाचायला विद्यार्थ्याला शिकवावं लागतं. संख्याशास्त्राचा कोड लिहून घ्यायलाही माझी ना नाही. अट एकच, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा छोट्या डेटावर तो चालवून दाखवायचा.

धोरण एका पानाचं करा, मुलांचे दोन प्रतिनिधी मीटिंगला बसवा आणि दर सेमिस्टरला ते पुन्हा उघडा, कारण साधनं तोवर बदललेली असतील. पण आधी, या आठवड्यातच, त्या चौघांना त्यांच्या वह्या घेऊन बोलवा. खाडीवरची रीडिंग्ज असतील तर वर दिलेले प्रश्न जसेच्या तसे वापरा. विषय वेगळे असतील तर शीर्षकं कळवा, प्रश्न काढायला मी मदत करतो.